बुद्धिबळ इंजिनाचा सर्च : आधी चालींचा क्रम, मग कापाकापी

अडीचघर (धागाकर्ती)

नाशिकमध्ये स्वतःचं बुद्धिबळ इंजिन लिहिणारे आपण मोजून आठ-दहा जण. प्रश्न मात्र फिरून फिरून एकाच जागी येतो: "अल्फा-बीटा लावलं, तरी सात-आठ प्लायच्या पुढे जात नाही. आता कोणतं प्रूनिंग लावू?" बहुतेक वेळा उत्तर असतं, कोणतंच नको. आधी चालींचा क्रम सुधारा. नेगामॅक्स येतं असं धरून लिहितेय (मिनीमॅक्स, म्हणजे दोघेही आपापली सर्वोत्तम चाल खेळतील असं धरून केलेला शोध, दोन्ही बाजूंसाठी एकाच कोडने). प्लाय म्हणजे एका बाजूची एक चाल, नोड म्हणजे चालींच्या झाडातली एक स्थिती, प्रूनिंग म्हणजे त्या झाडाच्या फांद्या न तपासता कापणं. अल्फा म्हणजे आपल्याला आत्तापर्यंत खात्रीने मिळणारा गुण, बीटा म्हणजे ज्याच्या वर प्रतिस्पर्धी आपल्याला जाऊ देणार नाही तो गुण; या दोन हद्दींबाहेरचं अल्फा-बीटा कापतं.

त्याच्याही आधी पर्फ्ट, म्हणजे ठरावीक प्लायपर्यंतच्या सगळ्या चाली मोजून चाली बनवणारा कोड तपासणं. सुरुवातीच्या मांडणीतून १ ते ६ प्लायला टोकाचे नोड असे यायला हवेत: २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१, ४८,६५,६०९, ११,९०,६०,३२४. एकाचाही फरक चालत नाही. आणि हे आकडे जुळले म्हणून खूश होऊ नका. या मांडणीतून पांढऱ्याला लवकरात लवकर चौथ्या चालीला, म्हणजे सातव्या प्लायला कॅसलिंग करता येतं. प्याद्याची बढती तर नवव्या प्लायच्या आत होतच नाही. म्हणजे सहा प्लाय जुळूनही तुमचं कॅसलिंग आणि बढती दोन्ही साफ चुकलेली असू शकतात. त्यासाठी 'किवीपीट' ही पर्फ्टची ठरलेली मांडणी घ्या, १ ते ४ प्लायला: ४८, २,०३९, ९७,८६२, ४०,८५,६०३.

एन पासानसाठी (दोन घरं पुढे आलेलं शेजारचं प्यादं एकच घर आल्यासारखं मारणं) ही मांडणी चालवा. पांढरा: राजा ए५, हत्ती बी४, प्यादी बी५, ई२, जी२. काळा: राजा एच४, हत्ती एच५, प्यादी सी७, डी६, एफ४. चाल पांढऱ्याची. आकडे १४, १९१, २,८१२, ४३,२३८, ६,७४,६२४. इथे ई२-ई४ झाल्यावर एफ४ च्या प्याद्याने एन पासान मारलं, तर चौथ्या रांगेतली दोन्ही प्यादी एकदम उठतात आणि बी४ चा हत्ती थेट राजावर येतो. 'बांधलेलं मोहरं' शोधणारा नेहमीचा कोड एका वेळी एकच मोहरं उचलून बघतो, त्याला हे दिसत नाही.

आता मुद्द्याचा हिशोब. दर स्थितीत सरासरी ३५ चाली धरल्या, तर सहा प्लायचं सरळ मिनीमॅक्स ३५ चा सहावा घात, म्हणजे १८३,८२,६५,६२५ टोकं बघतं. अल्फा-बीटाला दर वेळी सर्वोत्तम चाल पहिली मिळाली, तर तोच निकाल ८५,७४९ टोकांत येतो. क्रम पूर्ण उलटा असेल तर अल्फा-बीटा एकही टोक वाचवत नाही. या दोन टोकांच्या मधे तुमचं इंजिन कुठे आहे, ते फक्त क्रमावर ठरतं.

पंचवटी६४

नवीन वाचकांसाठी द्राक्षांचा दाखला देतो, आपल्याकडे तोच लवकर पटतो. समोर पाच क्रेट आहेत. क्रेट तुम्ही निवडायचं, पण त्यातला घड व्यापारी काढून देणार, म्हणजे सगळ्यात वाईटच देणार. पहिलं क्रेट पूर्ण तपासलं, त्यातला वाईट घड ६० रुपयांचा. दुसरं उघडताच वरच ४० चा घड दिसला, की ते क्रेट बंद. खाली २० चा आहे की १० चा, बघून उपयोग काय? तुम्ही ते घेणारच नाही.

यात क्रम दोन ठिकाणी लागतो, आणि दुसरा लोक विसरतात. चांगलं क्रेट आधी उघडलं पाहिजे हे खरंच, पण वाईट क्रेटमधला वाईट घड *वर* असायला हवा, तरच ते चटकन बंद होतं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याची सर्वात बोचरी चालही आधी सापडली पाहिजे.

अडीचघर

+१. आणि हे मोजता येतं. दोन काउंटर ठेवा: एकूण बीटा-कटऑफ (चालीचा गुण बीटाला पोचला म्हणून उरलेल्या चाली सोडल्या) किती झाले, आणि त्यातले पहिल्याच चालीवर किती. गुणोत्तर ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर पुढचं बोलू. ७० असेल तर नल मूव्ह (आपली चाल सोडून बघणं), एलएमआर (यादीतल्या मागच्या चाली कमी खोल शोधणं) वगैरे सगळं बाजूला ठेवा.

सातपूरकर

माझ्या मते क्रम असा:

पहिली हॅश टेबलमधली (आधी शोधलेल्या स्थितींचे निकाल साठवतो त्या टेबलमधली) चाल. मग मारण्याच्या चाली आणि वजिराची बढती. मग दोन किलर (त्याच प्लायला ज्या शांत, म्हणजे काही न मारणाऱ्या, चालींनी आधी कटऑफ दिला त्या). मग उरलेल्या शांत चाली हिस्ट्रीच्या (कोणत्या चालीने आधी किती कटऑफ दिले त्या नोंदीच्या) गुणांप्रमाणे.

मारण्याच्या चालींना 'मोठा बळी, छोटा मारेकरी' एवढा नियम पुरतो: बळीची किंमत गुणिले १०, वजा मारणाऱ्याची किंमत. प्याद्याने वजीर मारणं सगळ्यात वर, वजिराने प्यादं मारणं सगळ्यात खाली.

अडीचघर

वजिराने *राखलेलं* प्यादं मारणं तुमच्या यादीत किलरच्या आधी येतंय, तिथेच पाणी मुरतं. ९०० देऊन १०० घेतले, ८०० चा तोटा. मध्यडावात अशा चाली एकेका स्थितीत तीन-चार असतात आणि प्रत्येकीखाली पूर्ण झाड तपासलं जातं.

एसईई लिहा, म्हणजे ती चाल खेळून त्या एका घरावरची पुढची मारामारी, दर वेळी सर्वांत स्वस्त मोहऱ्याने, शेवटपर्यंत हिशोबात खेळून बघा. निकाल शून्य किंवा वर असेल तर ती चाल किलरच्या आधी. ऋण असेल तर थेट शेवटी, शांत चालींच्याही मागे. एसईई लिहिताना होणारी नेहमीची चूक: हत्तीमागचा हत्ती किंवा उंटामागचा वजीर मोजायचा राहतो. पुढचं मोहरं उचललं की मागच्याची वाट मोकळी होते, त्यामुळे हल्लेखोरांची यादी दर पायरीला नव्याने बघावी लागते.

आणखी एक. यादी पूर्ण सॉर्ट करू नका. दर वेळी उरलेल्यांतली सर्वांत जास्त गुणांची चाल उचला. कटऑफ पहिल्या-दुसऱ्या चालीला होणार असेल तर बाकीच्या तीस चाली रांगेत लावण्यात वेळ कशाला घालवायचा?

सातपूरकर

मान्य. ऋण मारामाऱ्या शेवटी.

तिरका_उंट

ताई, हिस्ट्रीत बेरीज करत गेलं की आकडे फुगतात आणि काही वेळाने सगळ्याच चाली सारख्या दिसायला लागतात. दर सर्चला टेबल पुसायचं का?

अडीचघर

पुसू नका, त्यात शिकलेलं सगळं जातं. टेबल छोटंच असतं: बाजू २ × कुठून ६४ × कुठे ६४, म्हणजे ८,१९२ खाने. कटऑफ देणाऱ्या शांत चालीला डेप्थच्या (अजून शोधायच्या प्लायच्या) वर्गाएवढं बक्षीस. पण बेरीज अशी करा:

    नवा = जुना + बक्षीस − जुना × |बक्षीस| ÷ १६३८४

आकडा आपोआप ±१६,३८४ च्या आत राहतो आणि जुनी पुण्याई हळूहळू झिजते. दुसरा अर्धा भाग बऱ्याच कोडमध्ये नसतो: कटऑफ मिळण्याआधी ज्या शांत चाली तपासून वाया गेल्या, त्यांना तेवढाच दंड. माझ्या मते बक्षिसाइतकाच, किंबहुना जास्त फरक दंडाने पडतो.

गोदाकाठ

शांत-सर्चबद्दल, म्हणजे क्विसेन्सबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. एकूण नोडपैकी निम्म्याहून जास्त तिथेच जातात, त्यामुळे तिथली ढिलाई सगळ्यात महाग.

डेप्थ शून्य झाली की थेट मूल्यांकन परत करायचं नाही. शेवटच्या प्लायला वजिराने राखलेला घोडा मारला असेल, तर तुमचं इंजिन 'घोडा मिळाला' म्हणून नाचेल, पुढच्या चालीला वजीर जातोय ते क्षितिजापलीकडे. म्हणून मारामारी संपेपर्यंत पुढे जायचं. चाल असलेल्या बाजूला काही न मारण्याची मुभा असते, म्हणून आधी उभं मूल्यांकन (काही न खेळता, आहे त्या स्थितीचं) घ्या: ते बीटाला पोचलं तर परत फिरा, अल्फाहून जास्त असेल तर अल्फा वाढवा. मग फक्त मारण्याच्या चाली, त्यातही एसईई ऋण असलेल्या सोडून. शिवाय डेल्टा: उभं मूल्यांकन + बळीची किंमत + २०० सेंटीपॉन (१०० म्हणजे एक प्यादं) एवढं करूनही अल्फा गाठत नसेल तर ती चाल सोडा. शेवटच्या डावात, मोहरी थोडी उरली की डेल्टा बंद.

इथली सगळ्यात मोठी चूक: राजाला शह असताना उभं मूल्यांकन घेणं. शह असताना 'काही न करण्याची' मुभा नसते. तेव्हा शहातून सुटण्याच्या *सगळ्या* चाली तपासा, आणि एकही नसेल तर मात. हे चुकलं की इंजिन दोन चालींतली मात शांतपणे +३ समजत बसतं.

तिरका_उंट

मग शह देणाऱ्या शांत चालीही तिथे घ्यायच्या का?

गोदाकाठ

घ्यायच्याच असतील तर पहिल्या एका प्लायला. मर्यादा नाही ठेवली तर वजीर शह देत राहतो, राजा पळत राहतो आणि सर्च परत येत नाही.

पंचवटी६४

हॅश टेबलवर माझ्याकडून. प्रत्येक स्थितीला एक ओळख-आकडा ('की') देण्याची झोब्रिस्टची पद्धत १९७० ची, अजून तीच चालते. ६४ बिटांचे ७८१ यादृच्छिक आकडे लागतात: १२ मोहरी × ६४ घरं = ७६८, चाल कुणाची १, कॅसलिंगचे हक्क ४, एन पासानचा स्तंभ ८. चाल झाली की संबंधित आकडे एक्सॉर करायचे (बिटांची क्रिया, तीच दोनदा केली की मूळ आकडा परत मिळतो). डीबग बिल्डमध्ये दर नोडला 'की' नव्याने मोजा आणि चालत आलेल्या कीशी ताडून बघा. प्रोग्रॅम दहापट मंदावतो, पण कॅसलिंगमध्ये हत्ती हलवायचा राहिलेला इथेच सापडतो.

एन पासानचा आकडा प्रत्यक्ष मारणारं प्यादं शेजारी असेल तेव्हाच एक्सॉर करा. नाहीतर ई२-ई४ नंतरची तीच स्थिती दोन वेगळ्या कींनी साठते आणि पुनरावृत्तीही ओळखू येत नाही.

एक नोंद १६ बाइटांत बसते: की ८, चाल २, गुण २, स्थिर मूल्यांकन २, डेप्थ १, उरलेल्या एका बाइटात हद्दीचा प्रकार २ बिट आणि पिढी (नोंद कोणत्या सर्चमधली) ६ बिट. ६४ एमबीत ४१,९४,३०४ नोंदी. संख्या दोनचा घात असल्यामुळे भागाकाराऐवजी बिटांच्या अँडने खाना मिळतो.

हद्दीचा प्रकार गाळू नका. बीटा-कटऑफ झाला तर मिळालेला गुण 'किमान इतका', कोणतीच चाल अल्फा ओलांडू शकली नाही तर 'जास्तीत जास्त इतका', मधे आला तरच नेमका. गुण वापरताना साठवलेली डेप्थ हव्या असलेल्या डेप्थपेक्षा कमी असेल तर गुण नको, पण चाल घ्याच. नव्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावं: हॅश टेबलचा मोठा फायदा वाचलेल्या झाडांपेक्षा मिळालेल्या पहिल्या चालीत आहे. इटरेटिव्ह डीपनिंग, म्हणजे १, २, ३ असं डेप्थ वाढवत जाणं, वाया का जात नाही याचंही कारण हेच.

आणि टेबलमधून आलेली चाल पटावर शक्य आहे का, ते खेळण्याआधी तपासा. दोन स्थितींची टक्कर क्वचित होते, पण झाली की रिकाम्या घरातून घोडा उडतो आणि प्रोग्रॅम आडवा.

सातपूरकर

'मात'चा गुण साठवताना काही वेगळं करावं लागत नाही, जसा आला तसा ठेवला की झालं.

पंचवटी६४

नाही हो, इथेच तर अर्धी इंजिनं फसतात. सर्चमध्ये 'मात'चा गुण मुळापासून (सर्च सुरू झाला त्या स्थितीपासून) मोजलेला असतो: ३२,००० वजा मुळापासूनचे प्लाय. तीच स्थिती दुसऱ्या वाटेने वेगळ्या प्लायला भेटली की तो आकडा खोटा ठरतो. म्हणून साठवताना गुण 'या नोडपासून मात किती प्लायवर' असा करा, म्हणजे चालू प्लाय मिळवा. काढताना तेव्हाचा प्लाय वजा करा.

उदाहरण घ्या. प्लाय ५ ला आहात, तिथून ३ प्लायवर मात. गुण ३२,००० − ८ = ३१,९९२. साठवा ३१,९९२ + ५ = ३१,९९७. हीच स्थिती प्लाय ९ ला आली तर ३१,९९७ − ९ = ३१,९८८. म्हणजे मुळापासून १२ प्लाय, बरोबर. मात खाणाऱ्या बाजूला चिन्हं उलट.

लक्षण ओळखायला सोपं: इंजिन दर चालीला 'चार चालींत मात' दाखवतं आणि मात कधीच देत नाही. राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा लावून बघा. अचूक खेळाने ही मात कुठल्याही स्थितीतून १० चालींच्या आत होते. हत्ती असेल तर १६. एकदा मात दिसली की दर चालीला आकडा कमी होत गेला पाहिजे.

सातपूरकर

बरोबर. माझंच चुकलं होतं, वरचा प्रतिसाद कुणी उतरवून घेऊ नका.

अडीचघर

आता कापाकापी. नल मूव्ह: आपली चाल सोडून दिली तरीही प्रतिस्पर्धी आपल्याला बीटाखाली आणू शकत नसेल, तर ही स्थिती इतकी चांगली आहे की पूर्ण शोधायची गरज नाही. अटी या: राजाला शह नको, आधीची चाल नल नको, स्थिर मूल्यांकन बीटाएवढं किंवा वर, डेप्थ किमान ३, आणि चाल असलेल्या बाजूकडे राजा-प्याद्यांखेरीज किमान एक मोहरं हवं. डेप्थ ३ + डेप्थ÷४ ने कमी करा आणि शून्य रुंदीच्या खिडकीने (अल्फा आणि बीटा लगतचे धरून) शोधा.

शेवटची अट झुगझ्वांगसाठी, म्हणजे चाल करावी लागणं हाच तोटा असतो त्या स्थितींसाठी. पांढरा राजा एफ५, प्यादं ई४. काळा राजा डी४, प्यादं ई५. ज्याची चाल असेल त्याला राजा हलवावा लागतो, प्यादं सोडावं लागतं आणि तो हरतो. इथे नल मूव्ह म्हणते, 'चाल सोडली तरी ठीक आहे', आणि नेमकी तीच मुभा खेळात नसते.

दोन बग नेहमीचे. नल करताना एन पासानचं घर पुसायचं राहतं आणि दोन चालींआधीचं प्यादं मारलं जातं. आणि नलमधून 'मात'चा गुण आला तर तो जसाच्या तसा परत केला जातो. ती मात खरी नाही, तिथे फक्त बीटा परत करा.

तिरका_उंट

एलएमआरचं सूत्र प्रत्येक कोडमध्ये वेगळं दिसतं. नेमकं कोणतं घ्यायचं?

अडीचघर

सुरुवातीला हे: ०.७५ + (डेप्थचा नैसर्गिक लॉग × चालीच्या क्रमांकाचा नैसर्गिक लॉग) ÷ २.२५, अपूर्णांक सोडून. डेप्थ ३, चौथी चाल: १.४३, म्हणजे १ ची घट. डेप्थ १०, विसावी चाल: ३.८, म्हणजे ३. सुरू होताना एकदाच ६४ × ६४ चं टेबल भरून ठेवा, दर नोडला लॉग काढू नका. डेप्थ ३ पासून, पहिल्या तीन चाली सोडून, फक्त शांत चालींना. किलर असेल किंवा चाल शह देत असेल तर घट एकने कमी. हिस्ट्री वाईट असेल तर एकने जास्त.

मग पहिली चाल सोडून प्रत्येक चालीला तीन पायऱ्या:

    गुण = −शोध(डेप्थ − १ − घट, −अल्फा − १, −अल्फा)
    जर गुण > अल्फा आणि घट > ०:
        गुण = −शोध(डेप्थ − १, −अल्फा − १, −अल्फा)
    जर गुण > अल्फा आणि गुण < बीटा:
        गुण = −शोध(डेप्थ − १, −बीटा, −अल्फा)

मधली पायरी गाळून थेट तिसरीवर जाणारे बरेच. निकाल बरोबर येतो, पण कमी डेप्थच्या अफवेवर पूर्ण खिडकीचा सर्च चालतो आणि वेळ जातो.

आता धाग्याच्या शीर्षकाकडे या. एलएमआर म्हणजे 'यादीत मागे आहे, म्हणजे वाईट असणार' ही पैज. यादीच आंधळी असेल तर पैज हरलीच समजा: चांगली चाल सोळाव्या जागी पडलेली, तिला तीन प्लाय कमी, ती दिसतच नाही. डेप्थचा आकडा मात्र १४ दाखवतो. असं इंजिन डेप्थ १० च्या इंजिनाकडून हरतं आणि मालक एलएमआरला शिव्या घालतो.

गोदाकाठ

बाकीचं भरभर सांगतो, कारण यात समजण्यासारखं कमी आणि अटींत फसण्यासारखं जास्त.

उलटी फ्युटिलिटी: डेप्थ ७ पर्यंत, मूल्यांकन − ८० × डेप्थ जर बीटाहून जास्त, तर परत फिरा. साधी फ्युटिलिटी: मूल्यांकन + १०० + १०० × डेप्थ अल्फापर्यंत पोचत नसेल तर शांत चाली सोडा. उशिराच्या चाली कापणं: ३ + डेप्थचा वर्ग इतक्या शांत चाली बघून झाल्या की बाकीच्या नको. तिन्ही ठिकाणी राजाला शह नको, मुख्य धारेचा (सर्वोत्तम खेळाच्या ओळीवरचा) नोड नको, आणि अल्फा-बीटा 'मात'च्या गुणांजवळ नकोत.

फसण्याची जागा: सगळ्याच चाली कापल्या गेल्या तर 'तपासलेल्या चाली शून्य' असं दिसतं आणि कोड ते स्टेलमेट समजून बरोबरी परत करतो. कायदेशीर चालींचा काउंटर आणि तपासलेल्या चालींचा काउंटर वेगळे ठेवा.

अ‍ॅस्पिरेशन खिडकी (सर्च अल्फा-बीटाच्या अरुंद हद्दीतच सुरू करणं): डेप्थ ५ पासून, मागच्या गुणाभोवती ±३० सेंटीपॉन, बाहेर पडलं तर त्या बाजूने दुप्पट. खालून बाहेर पडलं असेल तर त्या फेरीतली 'सर्वोत्तम' चाल घेऊ नका. सगळ्याच चालींना नुसती वरची हद्द मिळालेली असते, त्यांची आपसात तुलना होत नाही.

पुनरावृत्ती: सर्चच्या आत एकदा आलेली स्थिती दुसऱ्यांदा आली की बरोबरी धरा, तिसऱ्यांदाची वाट बघू नका. मागे बघताना शेवटची प्याद्याची चाल किंवा मारामारी झाली तिथपर्यंतच, दोन-दोन प्लायच्या उड्यांनी. मुळाच्या नोडवर मात्र ही तपासणी नको, नाहीतर खेळायला चालच हाती येत नाही.

घड्याळ: दर २,०४८ नोडला एकदा बघा. वेळ संपली की अर्धवट नोडचा गुण हॅश टेबलमध्ये जाता कामा नये.

द्वारका_सर्कल

अवांतर: विदित गुजराथी आपल्या गावचा, २०२३ ची ग्रँड स्विस जिंकलेला. त्याच्या डावांतल्या स्थिती देऊन इंजिन तपासलं तर चालेल का? 'विदितने खेळलेली चाल सापडली की पास'?

पंचवटी६४

हौस म्हणून करा. ताकद त्यावरून कळत नाही. कोड्याच्या स्थितीत अवघड चाल शोधणारा बदल प्रत्यक्ष डावात इंजिन कमजोर करू शकतो, कारण डावातल्या बहुतेक स्थितींत कोडं नसतंच. नवी आवृत्ती विरुद्ध जुनी, भरपूर डाव, दुसरा मार्ग नाही.

किती भरपूर? तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त डाव बरोबरीत सुटतात असं धरलं, तर १०० डावांच्या निकालात साधारण ±५४ एलोची (एलो म्हणजे खेळाच्या ताकदीचं मोजमाप) चूक असते, १,००० ला ±१७, १०,००० ला ±५. किलर, फ्युटिलिटी असल्या बदलांतून मिळतात ५ ते २० एलो. '१०० डाव लावले, ५४-४६ जिंकलो' म्हणजे काहीच सिद्ध नाही.

म्हणून एसपीआरटी, म्हणजे डाव चालू असतानाच पुरावा पुरेसा झाला की निर्णय देणारी सांख्यिकी चाचणी. शून्य एलो विरुद्ध पाच एलो असे दोन दावे, दोन्ही चुकांची शक्यता ०.०५. दर डावानंतर लॉग गुणोत्तर मोजा, +२.९४ ला पोचलं तर बदल ठेवा, −२.९४ ला पोचलं तर फेका. मधेच 'पुढे आहे' म्हणून थांबायचं नाही. स्टॉकफिश या इंजिनाचं फिशटेस्ट हे चाचणीचं जाळं २०१३ पासून याच तत्त्वावर चालतं. क्यूटचेस या इंजिनांचे डाव लावणाऱ्या सॉफ्टवेअरने घरच्या मशीनवर हे जमतं: ८ सेकंद + ०.०८ सेकंद दर चालीला, संतुलित ओपनिंगची फाइल, आणि प्रत्येक ओपनिंग दोन्ही रंगांनी.

मशीनबद्दल: एका वेळचे डाव प्रत्यक्ष कोरच्या संख्येपेक्षा एकने कमी. आणि एप्रिल-मेच्या दुपारी बंद खोलीत लॅपटॉपवर टेस्ट लावू नका. प्रोसेसर तापला की वेग उतरतो आणि वेळेवर चालणारे डाव खोटं बोलायला लागतात. रात्री लावा, किंवा वेळेऐवजी दर चालीला ठरावीक नोड द्या.

सातपूरकर

यात 'बेंच' जोडा. ४०-५० ठरावीक स्थिती ठरावीक डेप्थला चालवून एकूण नोडची संख्या छापायची. कोडची नुसती साफसफाई केली असेल तर तो आकडा तंतोतंत तोच यायला हवा. एकाचाही फरक म्हणजे वागणूक बदलली.

तिरका_उंट

हे सगळं सोडून सरळ अल्फाझीरो या न्यूरल नेटवर्कवाल्या इंजिनासारखं मोंटे कार्लो झाड (निवडक फांद्या वाढवून निकालांची सरासरी काढणारं) घेतलं तर?

गोदाकाठ

घ्या की, पण न्यूरल नेटवर्क कुठून आणणार? २०१७ च्या सामन्यात अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती बघत होता आणि स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. इतक्या कमी स्थितींवर काम भागलं, कारण कुठल्या फांदीकडे बघायचं ते नेटवर्क सांगत होतं. आमच्या साध्या मूल्यांकनावर ते झाड लावलं तर साध्या दोन चालींच्या डावपेचातही फसतं, कारण सरासरी काढताना एकुलतं एक मारक उत्तर पातळ होतं.

मधला रस्ता एनएनयूई. मूळ कल्पना २०१८ ची, शोगीसाठीची (जपानी बुद्धिबळ). सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ मध्ये ती आली. सर्च अल्फा-बीटाच, फक्त मूल्यांकन छोट्या नेटवर्कचं. चाल झाली की पहिल्या थराची बेरीज पूर्ण न करता बदललेल्या मोहऱ्यांपुरती दुरुस्त होते, म्हणून साध्या प्रोसेसरवर परवडतं. ते लावलंत की वरचे ८०, १००, २०० हे सगळे आकडे पुन्हा जुळवावे लागतील, कारण नव्या मूल्यांकनाचा 'एक प्यादं' जुन्याएवढा नसतो.

तिरका_उंट

आणि चार थ्रेड वापरायचे असतील तर?

पंचवटी६४

लेझी एसएमपी. चारही थ्रेड मुळापासून तोच सर्च करतात, सामाईक फक्त हॅश टेबल. निम्मे थ्रेड एक डेप्थ पुढून सुरू करा म्हणजे ते एकमेकांच्या पाठोपाठ चालत नाहीत. किलर, हिस्ट्री, चालींचा साठा हे ज्याचं त्याचं वेगळं. टेबलला कुलूप लावू नका: की साठवताना ती माहितीच्या ८ बाइटांशी एक्सॉर करून ठेवा आणि वाचताना पुन्हा एक्सॉर करून ताडा. दोन थ्रेडनी एकाच वेळी लिहून अर्धी-अर्धी नोंद झाली असेल तर की जुळणारच नाही आणि नोंद आपोआप बाद होईल.

थ्रेड एकाहून जास्त झाले की बेंचचा आकडा दर वेळी वेगळा येणार. त्यामुळे बेंच कायम एका थ्रेडवरच.